बिलातून कापलेला १ टक्का कुठं जातो आणि परत कसा आणायचा: पेटी ठेकेदारांसाठी टीडीएस

होटगी रोडला एका साईटवर मी पहिल्यांदा स्वतःच्या नावानं प्लास्टरचं काम घेतलं, त्याच्या आधी आठ-नऊ वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली गवंडी म्हणून काढलेली. पहिलं रनिंग बिल झालं २ लाखाचं. त्यातनं ४० हजार उचल आधीच घेतली होती, ५ टक्के डिपॉझिट म्हणजे १० हजार ठेवून घेणार हे बोलणं झालेलं, म्हणजे हातात दीड लाख यायला पाहिजेत. खात्यावर आले १ लाख ४८ हजार. मी तडक ऑफिसात गेलो, अकाउंटंट म्हणाला मालक २ हजार टीडीएस गेला. मला वाटलं ह्यानंच खाल्ले. बाहेर येऊन जोडीदाराला सांगितलं तर तो म्हणतो, "जाऊ दे की बे, सगळ्यांचंच कापतेत." आणि मी खरंच जाऊ दिलं, दोन वर्षं.

टीडीएस म्हणजे बिल देणाऱ्यानं आधीच कापून तुमच्या नावानं सरकारकडं भरलेला इन्कम टॅक्स. ते पैसे कुणी खाल्ले नव्हते, माझ्याच पॅनवर सरकारकडं जमा होते आणि मी मागितले नाहीत म्हणून मिळाले नाहीत, बास एवढंच. आपल्याकडं रे नगरसारखा ३० हजार घरांचा प्रकल्प असू द्या नाहीतर जुळे सोलापुरातली चार मजली अपार्टमेंट, काम खाली उतरत उतरत शेवटी सेंटरिंगवाला, प्लास्टरवाला, फरशीवाला, प्लंबिंगवाला अशा पेटी ठेकेदाराकडंच येतं, आणि ह्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना आपले पैसे कुठं पडलेत ते माहिती नसतं. म्हणून जे काम नव्यानं घ्यायला लागलेत त्यांच्यासाठी लिहितोय. मी सीए नाही, पण स्वतःचं रिटर्न आता स्वतः भरतो आणि साईटवरच्या पाच-सात जणांचंही बसून भरून देतो.

सुरुवात पॅनपासून. काम घेण्याआधी पॅन आधारला लिंक आहे का बघा. नसेल तर पॅन बंद धरला जातो आणि मग १ टक्का नाही, थेट २० टक्के कापायचा नियम आहे. २ लाखाच्या बिलाला २ हजारऐवजी ४० हजार. लिंक करायला हजार रुपये दंड आहे, तो गपचूप भरा. पॅन दिलाच नाही तरी तेच २० टक्के. आणि पॅन तोंडी सांगू नका, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा आणि प्रत्येक बिलावर मोठ्या अक्षरात लिहा. पॅनमध्ये आधी ५ अक्षरं, मग ४ आकडे, मग एक अक्षर असतं, त्यातलं चौथं अक्षर बघा, एकट्या माणसाचं असेल तर तिथं पी असतो. पार्टनरशिप फर्मच्या पॅनला तिथं एफ असतो. हे का सांगतोय, कारण दर त्याच्यावर ठरतो, एकट्या ठेकेदाराला १ टक्का आणि फर्म किंवा कंपनीला २ टक्के. दोघं भाऊ मिळून काम करत असाल आणि कुणीतरी सांगितलं म्हणून फर्म काढली असेल तर डबल कापलं म्हणून भांडायला जाऊ नका, ते बरोबरच असतं.

आता कोण कापतो आणि कधी. ३१ मार्च २०२६ पर्यंत हे कलम १९४सी होतं, आयकर कायदा १९६१ मधलं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू, त्यात टीडीएसची बरीचशी कलमं ३९३ मध्ये एकत्र घातलीत, त्यामुळं नव्या वर्षाच्या कागदावर १९४सी दिसलं नाही तर घाबरू नका. दर तोच. आणि २०२५-२६ ह्या आर्थिक वर्षाचं रिटर्न जुन्याच कायद्यानं भरायचंय. खाली मी जुनेच नंबर लिहितोय कारण लोकांच्या तोंडात तेच आहेत.

नियम असा की एका बिलाची रक्कम ३० हजाराच्या वर गेली किंवा एकाच पार्टीकडून वर्षभरात मिळून १ लाखाच्या वर गेली की कापायचं. ह्यातला दुसरा भाग लोकांना कळत नाही आणि तिथंच भांडणं होतात. एका फरशीवाल्याचं बघा, दर महिन्याला २४ हजाराचं बिल. चार बिलं झाली, ९६ हजार, काही कापलं नाही. पाचव्या बिलाला एकूण झाले १ लाख २० हजार, आणि त्या एका बिलातनं कापले १,२००. हा म्हणतो २४ हजाराला १ टक्का म्हणजे २४० होतात, मला जास्त का लावले. पण मर्यादा ओलांडली की आधीच्या चारही बिलांचं धरून पूर्ण रकमेवर कापावं लागतं, म्हणून त्या दिवशी हातात २२,८०० आले. अकाउंटंट बरोबर होता. फक्त त्यानं आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, त्या दिवशी लेबरचा पगार होता.

सगळेच कापतात असं पण नाही. कंपनी, फर्म, महानगरपालिका, सोसायटी, हे कापणारच. एकटा माणूस बिल्डर म्हणून धंदा करत असेल तर त्याची आदल्या वर्षाची उलाढाल १ कोटीच्या वर असेल तरच त्याच्यावर बंधन. आणि विजापूर रोडला स्वतःला राहायला बंगला बांधणारे प्राध्यापक सर तुमच्या बिलातनं काही कापत नाहीत, घरगुती कामाला १९४सी नाही (एका ठेकेदाराला वर्षात ५० लाखाच्या वर दिले तर वेगळं कलम आहे, १९४एम, पण एवढं प्लास्टर कुणाच्या बंगल्याला लागतंय). कापलं नाही म्हणजे उत्पन्न दाखवायचं नाही असं मात्र नसतं, ते दाखवायचंच.

बिल कसं वाचायचं ते नीट सांगतो, कारण खरा गोंधळ इथंच आहे. आपण "कापले" म्हणतो त्यात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा. उचल, म्हणजे तुम्हीच आधी घेतलेले पैसे. डिपॉझिट म्हणजे रिटेन्शन, ते काम संपल्यावर किंवा ठरलेल्या मुदतीनंतर मालकाकडूनच परत घ्यायचं, सरकारकडं त्याचा काही संबंध नाही. सिमेंट वाया गेलं, फरशी फुटली, स्कॅफोल्डिंगचं भाडं, असलं डेबिट. सरकारी काम असेल तर १ टक्का लेबर सेस, तो बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडं जातो, मूळ ठेकेदाराच्या बिलातनं गेलेला असतो आणि तो खाली तुमच्यावर ढकलतो. आणि शेवटी टीडीएस. ह्यातला फक्त टीडीएस तुमच्या पॅनवर दिसतो. सेस कुणी "टॅक्स कापला" म्हणून सांगितला तर तो रिटर्नमध्ये शोधत बसू नका, तिथं सापडत नाही.

टीडीएस पूर्ण बिलावर निघतो, हातात आलेल्या रकमेवर नाही. माझ्या त्या बिलात १ लाख ५० हजारावर नाही तर २ लाखावर २ हजार गेले ते म्हणूनच. विथ मटेरियल काम असेल तरी बांधकामाच्या ठेक्यात पूर्ण रकमेवरच. फक्त जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर त्याच्यावर टीडीएस नाही, २ लाख अधिक ३६ हजार जीएसटी असं बिल असेल तर कापायचे २ हजारच, २,३६० नाही. हे एकदा बिल करताना ओळ वेगळी टाकून घ्या.

म्हणून माझं ऐका, बिल दिलं की त्याची एक वही करा. शंभर पानी साधी वही, डाव्या बाजूला तारीख, बिलाची पूर्ण रक्कम, उचल, डिपॉझिट, टीडीएस, खात्यावर आले ते. उजव्या बाजूला मजुरी कुणाला किती. माझी वही सिमेंटनं पार वाळून कडक भाकरीसारखी झालीय पण तिच्यावर मी दोन बिल्डरांशी हिशोब जिंकलोय.

आता कापलेले पैसे खरंच भरले का ते तपासायचं. कापणाऱ्यानं पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारला भरायचे असतात, मार्चचे ३० एप्रिलपर्यंत. पण नुसतं भरून तुमच्या नावावर दिसत नाही, त्याला तिमाही रिटर्न भरावं लागतं, ज्याला २६क्यू म्हणायचे. एप्रिल ते जूनचं ३१ जुलैपर्यंत, पुढचं ३१ ऑक्टोबर, मग ३१ जानेवारी, आणि जानेवारी ते मार्चचं ३१ मे. त्यामुळं मे महिन्यात कापलेला टीडीएस जूनमध्ये दिसला नाही म्हणून कुणाची कॉलर धरू नका, ऑगस्टमध्ये बघा. रिटर्नची तारीख झाली की पंधरा दिवसात त्यांनी तुम्हाला फॉर्म १६ए द्यायचा असतो, मागून घ्या, ईमेलवर पीडीएफ येते.

बघायचं कसं, तर इन्कम टॅक्सच्या साईटवर पॅन टाकून लॉगिन, पासवर्ड नसेल तर आधारच्या ओटीपीवर नोंदणी होते. ई-फाईल, त्यात इन्कम टॅक्स रिटर्न्स, त्यात व्ह्यू फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा उतारा. ते ट्रेसेस नावाच्या दुसऱ्या साईटवर नेतं, तिथं असेसमेंट इयर निवडायचं. इथं सगळे चुकतात. काम २०२५-२६ मध्ये केलं तर असेसमेंट इयर २०२६-२७, एक वर्ष पुढचं. मी पहिल्या खेपेला चुकीचं वर्ष निवडलं, पान कोरं आलं आणि मी बिल्डरला फोनवर नको ते बोललो. पान उघडलं की कापणाऱ्याचं नाव, त्याचा टॅन नंबर (टॅक्स कापणाऱ्याला मिळतो तो), कलम, तारीख, पूर्ण रक्कम आणि कापलेला टॅक्स दिसतो. स्टेटसला एफ असलं की पक्कं. वही काढा आणि एकेक ओळ ताडून बघा, घाई करू नका, चहा सांगा आणि बसा.

दिसत नसेल तर काय. बहुतेक वेळा पॅन टाकताना चूक झालेली असते, एखादं अक्षर इकडंतिकडं. मग अकाउंटंटला सांगून करेक्शन रिटर्न भरून घ्यायचं, त्यांना जमतं ते. पण कधी कधी कापलेलं भरतच नाहीत. माझ्याबरोबर एकानं केलं हे, नाव नाही घेत, वर्षभर माझ्या बिलातनं कापलं आणि एक रुपया भरला नाही, विचारलं की "सीएकडं दिलंय" म्हणायचा. तेव्हा मला माहिती नव्हतं, कलम २०५ असं सांगतं की ज्याचा टॅक्स कापून झालाय त्याच्याकडून तोच टॅक्स परत वसूल करता येत नाही, वसुली कापणाऱ्याकडून. पण त्यासाठी कापल्याचा पुरावा तुमच्याकडं पाहिजे, म्हणजे बिलावर टीडीएसची ओळ, त्यांची सही-शिक्का, बँकेत आलेली कमी रक्कम. माझ्याकडं नुसते व्हॉट्सॲपचे मेसेज होते. आता मी पेमेंट व्हाउचरचा फोटो काढल्याशिवाय ऑफिसातनं उठत नाही. कापणाऱ्यालाही उशिराचं व्याज महिन्याला दीड टक्का आणि रिटर्नला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये फी बसते, हे शांतपणे आठवण करून दिलं की कधी कधी काम होतं.

रिटर्न. बहुतेकांना आयटीआर-४ लागतो, सुगम म्हणतात त्याला, आणि त्यात कलम ४४एडी. हे कलम आपल्यासारख्यांसाठीच आहे असं समजा, वर्षाची उलाढाल २ कोटीपर्यंत (रोखीचं येणं ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटीपर्यंत) असेल तर सगळ्या खर्चाची पावती ठेवायची गरज नाही, बँकेतनं आलेल्या रकमेच्या ६ टक्के आणि रोखीनं आलेल्याच्या ८ टक्के एवढा तरी नफा धरायचा. मजुरी, पेट्रोल, मशीन झिजलं, सगळा खर्च त्यात आला, वेगळा काही वजा नाही.

आकड्यात बघा. एकाची वर्षाची बिलं १४ लाख ६० हजार. त्यातले ११ लाख बँकेत, ३ लाख ६० हजार रोख. ६ टक्के म्हणजे ६६ हजार, ८ टक्के म्हणजे २८,८००, मिळून ९४,८००. हा झाला कमीत कमी नफा. समजा बँकेत आलेल्या ११ लाखावर टीडीएस कापलाय ११ हजार. टॅक्सच्या नव्या पद्धतीत (न्यू रेजीम) २०२५-२६ साठी १२ लाखापर्यंतच्या उत्पन्नाला सूट धरून टॅक्स शून्य येतो, म्हणजे ११ हजार पूर्ण परत.

इथं एक चूक अशी होते की लोक खात्यावर आलेली रक्कमच उलाढाल म्हणून टाकतात. टीडीएस कापून आलेले १० लाख ८९ हजार नाही, पूर्ण ११ लाख दाखवायचे. कापलेला १ टक्का पण तुमचंच उत्पन्न. २६एएसमध्ये ११ लाख आणि रिटर्नमध्ये कमी, असं दिसलं की मशीन लगेच नोटीस काढतं. आणि डिपॉझिट म्हणून राहिलेली रक्कमही बिलात धरलेली असते, हे विसरू नका.

आणि ६ टक्के म्हणजे सरकारनं दिलेला ठरीव नफा नाही, ते कमीत कमी आहे. खरंच १४ लाखाच्या कामात ४ लाख सुटले असतील तर ४ लाख दाखवायचे. लोक घाबरून ९४ हजार दाखवतात आणि दोन वर्षांनी बँकेत मिक्सर मशीनसाठी कर्ज मागायला जातात, मॅनेजर रिटर्न बघतो आणि म्हणतो महिन्याला ८ हजार मिळवणाऱ्याला हप्ता कसा झेपणार. टॅक्स दोन्हीकडं शून्यच होता, मग कमी दाखवून मिळवलं काय. ६ टक्क्यांच्या खाली दाखवायचं असेल तर मात्र हिशोबाची पुस्तकं, काही वेळा ऑडिट, आणि पुढची पाच वर्षं ४४एडी बंद, तेव्हा तो रस्ता सीएला विचारूनच. उत्पन्न १२ लाखाच्या वर जात असेल तर टीडीएस वजा करून राहिलेला टॅक्स १० हजार किंवा जास्त असला की १५ मार्चच्या आत ॲडव्हान्स टॅक्स भरायचा, नाहीतर व्याज.

मार्चच्या बिलाचं एक त्रांगडं आहे. बिल्डर ३१ मार्चला पुस्तकात बिल चढवतो आणि टीडीएस त्या वर्षात भरतो, पैसे तुम्हाला देतो जूनमध्ये. मग २६एएसमध्ये ते बिल ह्या वर्षात आणि तुमच्या पासबुकात पुढच्या. साधा उपाय, तुम्हीही बिलाच्या तारखेनं उत्पन्न धरा, काम झालेलं असतंच की. ज्या वर्षात उत्पन्न दाखवाल त्याच वर्षात त्याचा टीडीएस मागायचा, एक इकडं एक तिकडं केलं की अडकतं.

जीएसटीचं थोडक्यात. वर्षाला २० लाखाच्या वर गेलात तर नोंदणी लागते, बांधकामाच्या ठेक्याला साधारण १८ टक्के. एखाद्याचं स्वतंत्र घर आणि काम नुसत्या लेबरचं असेल तर माफी आहे, अपार्टमेंटला नाही. थेट सरकारी खात्याचं काम अडीच लाखाच्या वरचं घेतलं तर २ टक्के जीएसटीचा वेगळा टीडीएस कापतात, तो जीएसटीच्या कॅश लेजरमध्ये येतो, इन्कम टॅक्समध्ये नाही. दोन टीडीएस, दोन वेगळ्या साईट, एकमेकांत मिसळू नका.

आणि तुम्ही मोठे झालात, उलाढाल १ कोटीच्या वर गेली, तर पुढच्या वर्षापासून तुमच्या खालच्या गवंड्याचं काम घेणाऱ्याचं तुम्हाला कापावं लागणार. टॅन काढा, कापा, आणि वेळेवर भरा, मागं मी काय सांगितलं ते लक्षात असू द्या. मुरूम-वाळू आणणारा टिपरवाला दहा किंवा कमी गाड्यांचा मालक असेल आणि पॅनसकट तसं लिहून दिलं तर त्याचं कापायचं नसतं.

मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत लेट फीनं रिटर्न भरता येतं. त्याच्यानंतर अपडेटेड रिटर्न म्हणून जे आहे त्यात रिफंड मागता येत नाही, हे एजंट लोक सांगत नाहीत आणि फी घेऊन मोकळे होतात. जुन्या वर्षाचे पैसे राहिले असतील तर उशीर माफ करा म्हणून अर्ज करता येतो, त्या असेसमेंट इयरच्या शेवटापासून पाच वर्षांच्या आत, कारण मात्र पटण्यासारखं पाहिजे. माझ्या पहिल्या दोन वर्षांचं मला हे कळलं तेव्हा एक वर्ष गेलेलं होतं, दुसऱ्याचा अर्ज केला.

रिटर्न भरून झालं की काम संपत नाही, ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीनं ई-व्हेरिफाय करायचं, नाहीतर भरलेलंच धरत नाहीत. आणि बँक खातं साईटवर प्री-व्हॅलिडेट करून, म्हणजे आधीच तपासून पक्कं करून ठेवा. आमच्या सेंटरिंगवाल्या अण्णांचा रिफंड चार महिने लटकला होता, का तर पॅनवर आडनाव आधी आणि बँकेत वडलांचं नाव आधी. बँकेत जाऊन नाव सरळ केलं, रिफंड री-इश्यूची रिक्वेस्ट टाकली, आणि गड्ड्याच्या जत्रेच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या मोबाईलवर ९,४०० जमा झाल्याचा मेसेज आला.